निळ्या शेल्फवरचा जांभळा कॅलस : प्रकल्प नोंदी

8 जानेवारी

विषय नक्की झाला. जांभळ्या पानांच्या सब्जाचा कॅलस (पानाच्या तुकड्यातून वाढणारा पेशींचा बिनआकाराचा गोळा) वेगवेगळ्या रंगांच्या उजेडात वाढवायचा आणि त्यातली फिनॉलिक संयुगं (वनस्पतीतली रंगाची आणि बचावाची रसायनं) किती बदलतात ते मोजायचं. मार्गदर्शक मॅडमनी पहिलाच प्रश्न टाकला, "कॅलसला उजेड कशाला हवा? त्याला तर तुम्ही साखर भरवताय."

खरं आहे. एका लिटर माध्यमात, म्हणजे पेशी ज्यावर वाढतात त्या पोषक जेलीत, 30 ग्रॅम साखर जाते. पानाला उजेडाची भूक असते, कॅलसला नसते. म्हणजे इथे उजेड हे अन्न नाही, निरोप आहे. निळ्याचा निरोप क्रिप्टोक्रोम घेतं, तांबड्याचा फायटोक्रोम; ही पेशीतली उजेड ओळखणारी प्रथिनं. निरोप पोचला की फिनाइलअलॅनिन या अमिनो आम्लापासून सुरू होणाऱ्या साखळीतली एन्झाइमं जास्त बनू लागतात. आधी पीएएल (फिनाइलअलॅनिन अमोनिया-लायेज), पुढच्या फाट्यावर चाल्कोन सिंथेज. फ्लॅव्होनॉइड आणि अँथोसायनिन याच वाटेने तयार होतात. रोझमॅरिनिक आम्लाचं अर्धं अंगही इथूनच येतं, उरलेलं अर्धं टायरोसीन या दुसऱ्या अमिनो आम्लाकडून. आपल्याला हे आम्ल हवंय, कारण ते चांगलं ऑक्सिडीकरणरोधक आहे. 1958 मध्ये रोझमेरीच्या पानांतून वेगळं काढलं म्हणून हे नाव पडलं, पण सब्जा, पुदिना, कोलिअस या सगळ्या भावंडांत ते सापडतं.

विषय नवा नाही, हे आधीच लिहून ठेवते. अजमोद्याच्या कुळातल्या पार्सलीच्या पेशी फ्लास्कमध्ये अंधारात वाढवायच्या, मग अतिनील उजेड दाखवायचा आणि काही तासांत एन्झाइमं कशी वर चढतात ते बघायचं, हे काम जर्मनीत क्लाऊस हालब्रॉक यांच्या गटाने 1970 च्या दशकातच केलं. आमच्याकडे फक्त एलईडीच्या पट्ट्या आहेत आणि पाच महिने.

11 जानेवारी

बियाणं लावलं. सब्जाचं बी निर्जंतुक करणं म्हणजे डोक्याला ताप. पाणी लागलं की त्याच्याभोवती बुळबुळीत आवरण फुगतं आणि बुरशीचे बीजाणू त्यात सुखाने लपतात. आधी 70 टक्के अल्कोहोल मिनिटभर, मग सोडियम हायपोक्लोराइट, मग निर्जंतुक पाण्याच्या पाच धुण्या. शेवटच्या धुण्यात बी चिमट्याला असं चिकटलं की बाटलीत टाकण्यापेक्षा पुसून काढावं लागलं.

माध्यम एमएस, म्हणजे मुराशिगे-स्कूग. तंबाखूच्या पेशींसाठी मुराशिगे आणि स्कूग यांनी 1962 मध्ये बेतलेलं, आज जवळजवळ सगळ्या वनस्पतींच्या माथी मारलं जाणारं. माध्यम घट्ट करणारं अगार 8 ग्रॅम, पीएच 5.8, ऑटोक्लेव्ह (वाफेच्या दाबाने निर्जंतुक करणारं यंत्र) 121 अंशांवर 20 मिनिटं.

19 जानेवारी

वीसपैकी सात बाटल्यांत बुरशी. न उघडता ऑटोक्लेव्हमध्ये टाकल्या. तेरा पुरतील.

2 फेब्रुवारी

रोपांची पानं साधारण अर्ध्या सेंटिमीटरचे तुकडे करून कॅलससाठी लावली. हार्मोन एनएए (ऑक्सिन, वाढीचं हार्मोन) आणि बीएपी (सायटोकायनिन, पेशी विभागायला लावणारं), दोन्ही लिटरमागे 1 मिलिग्रॅम. ऑक्सिन म्हणून वनस्पतीतलं नैसर्गिक आयएए मुद्दाम घेतलं नाही, ते माध्यमातच उजेडाने मोडतं. ज्या प्रयोगात उजेडच बदलायचाय त्यात उजेडाने मोडणारं हार्मोन घालणं म्हणजे तराजूचं पारडं आधीच दाबून ठेवणं. 2,4-डी हे कृत्रिम ऑक्सिन कॅलस झकास देतं, पण बऱ्याच वनस्पतींत रंग आणि दुय्यम संयुगं दाबतं, म्हणून तेही नको.

पहिला आठवडा सगळं अंधारात. कापलेल्या कडा उजेडात जास्त काळवंडतात, आणि काळवंडलेला तुकडा बहुधा मरतो.

27 फेब्रुवारी

कॅलस आला. पिवळसर, थोडा भुसभुशीत, कडेला कुठे कुठे जांभळी झाक. पहिल्यांदाच आपल्या हातचा कॅलस बघतेय, म्हणून चार वेळा बाटली उचलून बघितली. प्रकल्पातला जोडीदार म्हणाला, "नजर लागेल." तो गमतीत म्हणाला, पण पुढे अंधारातल्या बाटल्यांच्या बाबतीत हे अक्षरशः खरं ठरलं. (ही ओळ नंतर लिहिली.)

1 मार्च

मुख्य प्रयोग सुरू. चार गट: अंधार, पांढरा, तांबडा, निळा. प्रत्येकी दहा बाटल्या, प्रत्येक बाटलीत अंदाजे अर्धा ग्रॅम कॅलस. 16 तास उजेड, 8 तास अंधार, खोली 25 अंशांवर.

उजेड सारखा ठेवण्यासाठी लक्समीटर वापरला आणि तिन्ही शेल्फ 1000 लक्सवर आणले. पांढरी पट्टी बरीच मंद करावी लागली. निळी आणि तांबडी मात्र जवळजवळ पूर्ण ताकदीवर चालवल्या तेव्हा कुठे काटा हजारावर गेला. निळ्या पट्ट्या कमी प्रतीच्या असाव्यात, असं आम्ही ठरवून टाकलं.

(हे वाक्य खोडायचं नाही, असं नंतर ठरवलं. चूक नेमकी इथे झाली.)

9 मार्च

निळ्या शेल्फवर आठ दिवसांत जांभळा रंग. पांढऱ्याखाली हिरवट, तांबड्याखालीही हिरवट पण मऊ. अंधारातल्या बाटल्या फॉइलमध्ये आहेत. जोडीदाराने त्यातली एक "फक्त दोन मिनिटं" उघडून ट्यूबलाइटखाली धरली. ती बाटली गटातून बाद केली. फायटोक्रोमला हलण्यासाठी फार थोडा उजेड पुरतो. अंधारातली बाटली बघायला काढली की ती अंधारातली राहत नाही. यापुढे बघायचंच असेल तर मिणमिणत्या हिरव्या दिव्याखाली, तेही कारण असेल तरच.

29 मार्च

अठ्ठावीस दिवस झाले, कापणी. ओलं वजन घेतलं, निम्मा कॅलस गोठवून सुकवायला दिला. ओव्हनमध्ये 60 अंशांवर सुकवणं सोपं होतं, पण मॅडमनी साफ नाही म्हटलं, अँथोसायनिनची वाट लागते.

अंधारातला कॅलस सगळ्यात मोठा, फिकट आणि पाणीदार. निळ्यातला सगळ्यात लहान, घट्ट, गडद जांभळा. शेजारी शेजारी ठेवल्यावर एकाच रोपाची पिल्लं आहेत असं वाटत नाही. फोटो काढले.

2 एप्रिल

एकूण फिनॉलिक संयुगं फोलिन-चोकाल्तू पद्धतीने मोजली, गॅलिक आम्लाचं प्रमाण घेऊन, 765 नॅनोमीटरवर. निळ्या गटाचा आकडा अंधाराच्या जवळजवळ तिप्पट. ऑक्सिडीकरण रोखण्याची ताकद मोजणाऱ्या डीपीपीएच चाचणीतही निळ्याचा अर्क सगळ्यात जोरात: जांभळं द्रावण बघता बघता पिवळं पडलं. तांबडा दुसरा, पांढरा तिसरा.

संध्याकाळी आम्ही निबंधाचं शीर्षकसुद्धा लिहिलं.

4 एप्रिल

शीर्षक पुसलं.

मॅडमनी नोंदवही चाळताना 1 मार्चपाशी बोट ठेवलं. "लक्स कुणासाठी असतं?" आम्ही गप्प. लक्स माणसाच्या डोळ्यासाठी असतं. आपला डोळा 555 नॅनोमीटरच्या हिरवट पिवळ्याला सगळ्यात जास्त भाव देतो. 450 च्या निळ्याला त्याच्या चार टक्क्यांच्या आसपास, 660 च्या तांबड्याला सहा टक्क्यांच्या. लक्समीटर तेच गणित करून आकडा दाखवतो. म्हणजे 1000 लक्स पांढरा आणि 1000 लक्स निळा हे "सारखे" फक्त बघणाऱ्याला. कॅलसला डोळे नाहीत. त्याच्या अंगावर किती फोटॉन पडले, एवढंच त्याला कळतं.

शेजारच्या विभागातून फोटॉन मोजणारा क्वांटम मीटर आणला. पांढऱ्या शेल्फवर 15 मायक्रोमोल फोटॉन प्रति चौरस मीटर प्रति सेकंद, तांबड्यावर 110, निळ्यावर 130. आम्ही रंगांची तुलना केलीच नव्हती. मंद उजेड आणि सात ते नऊ पट प्रखर उजेड यांची तुलना केली आणि त्याला रंगाचं नाव दिलं. पट्ट्या पूर्ण ताकदीवर नेताना शंका यायला हवी होती. शंका आलीही, पण ती पट्ट्यांवर ढकलून आम्ही मोकळे झालो.

5 एप्रिल

आता सगळंच संशयास्पद वाटतंय, म्हणून एका रिकाम्या बाटलीत, अगारच्या आत, थर्मामीटरची तार खुपसून चारही शेल्फवर फिरवली. खोली 25. अंधारातली बाटली 25. निळ्यातली 28 च्या वर. गंमत म्हणजे पांढऱ्या शेल्फच्या बाटल्याही तळाशी गरम, कारण त्यांच्या फळीखालीच निळ्या पट्ट्या बसवल्या आहेत. झाकणांना आतून धरलेले पाण्याचे थेंब महिनाभर दिसत होते. तळ गरम आणि झाकण गार असलं की वाफ वर जाऊन तिचं पाणी होणारच. आम्हाला वाटत होतं कॅलस जोमात श्वास घेतोय.

7 एप्रिल

आणखी एक. दहा बाटल्या म्हणजे दहा पुनरावृत्ती, असं धरून चाललो होतो. दहाही एकाच शेल्फवर होत्या, म्हणजे शेल्फची गरमी, हवा, पंख्याचा कोपरा हे सगळं दहाही जणींना एकसारखं. खरी पुनरावृत्ती एकच. दुसऱ्या फेरीत दर आठवड्याला रंगांच्या जागा बदलायच्या आणि फेरी निदान दोनदा तरी करायची.

12 एप्रिल

दुसरी फेरी सुरू. तिन्ही रंग 40 मायक्रोमोलवर, बाटलीच्या आत कॅलसच्या उंचीला सेन्सर ठेवून मोजले. झाकण आणि काच किती उजेड खातात ते पहिल्या फेरीत बघितलंच नव्हतं. 16 तासांचा हिशेब केला तर दर चौरस मीटरला दिवसाला साधारण 2.3 मोल फोटॉन. पट्ट्या वर उचलल्या, फळीखाली हवा खेळायला जागा सोडली, छोटा पंखा लावला. बाटलीतलं तापमान आता सगळीकडे 25 ते 26.

हे सगळं करायला तीन दिवस गेले. कॅलस लावायला दोन तास.

20 एप्रिल

निळ्या शेल्फवरच्या रिकाम्या माध्यमाच्या बाटल्या थोड्या वेगळ्या दिसतात, असं जोडीदाराचं म्हणणं. मला फरक दिसला नाही, पण प्रश्न योग्य आहे: उजेड कॅलसवर पडतो तसा माध्यमावरही पडतो. एमएसमध्ये लोह ईडीटीए या धातू धरून ठेवणाऱ्या रसायनाच्या कवेत बसवलेलं असतं, नाहीतर ते गाळ होऊन खाली बसतं. हँगार्टर आणि स्टासिनोपुलोस यांनी 1991 मध्ये दाखवलं की निळ्या आणि अतिनील उजेडात हे लोह-ईडीटीए मोडतं. लोह हाती लागत नाहीच, वर फॉर्माल्डिहाइड तयार होतं आणि मुळांची वाढ खुंटते. उपाय म्हणजे पिवळा फिल्टर लावून निळा उजेड अडवायचा. आमचा तर प्रयोगच निळ्या उजेडाचा. म्हणजे रोग्याला औषध चालत नाही अशातली गत.

फिल्टर नाही तर निदान तपासू. नुसतं माध्यम, कॅलस न घालता, सहा बाटल्या निळ्याखाली आणि सहा फॉइलमध्ये दोन आठवडे. मग बाराही बाटल्यांत एकाच घाण्याचा कॅलस लावून सगळ्या अंधारात ठेवायच्या. कॅलसने उजेड पाहिलेलाच नाही. तरीही फरक पडला तर तो माध्यमाचा.

4 मे

वरच्या बारा बाटल्या लावल्या.

10 मे

दुसऱ्या फेरीची कापणी. निळ्यातला कॅलस अजूनही जांभळा, पण मार्चसारखा वांग्याच्या रंगाचा नाही. अंधार आणि निळा यांच्या वजनांतली दरी बरीच बुजली.

14 मे

आकडे. निळ्यात एकूण फिनॉलिक संयुगं अंधाराच्या दीडपट, थोडी जास्त. पांढरा त्याच्या पाठोपाठ. तांबडा अंधारापेक्षा जेमतेम वर. मार्चमधला दुसरा क्रमांक गेला. म्हणजे मार्चच्या तिपटीतला मोठा वाटा प्रखरतेचा आणि गरमीचा होता, पण उरलेला वाटा रंगाचाच आहे. निळ्याचं श्रेय कमी झालं, पण संपलं नाही. हा आकडा मला मार्चच्या आकड्यापेक्षा जास्त आवडतो.

अँथोसायनिन वेगळं मोजलं. पीएच 1.0 आणि 4.5 ला, 520 आणि 700 नॅनोमीटरवर. इथे निळा खरोखर पुढे, अंधारात जवळजवळ शून्य.

17 मे

एचपीएलसी (अर्कातले घटक एकेक वेगळे करून मोजणारं यंत्र) मिळालं, अर्धा दिवस. 330 नॅनोमीटरवर आलेखावर रोझमॅरिनिक आम्लाचं शिखर शोधलं. चारही गटांत भलं मोठं शिखर. अंधारातही. निळ्यात थोडं जास्त आहे, पण बाटली-बाटलीतला फरकच त्याहून मोठा दिसतो.

मी पाच मिनिटं स्क्रीनकडे बघत बसले. चार महिने आम्ही जांभळ्या रंगाच्या मागे धावलो, कारण तो दिसतो. ज्या आम्लासाठी प्रकल्प मांडला ते रंगहीन आहे आणि त्याला उजेडाचं फारसं कौतुक नाही. फोलिनची चाचणी तर सगळ्यांना एका पोत्यात भरते, ॲस्कॉर्बिक आम्ल असेल तर त्यालाही. फोलिनचा आकडा वाढला म्हणून रोझमॅरिनिक आम्ल वाढलं, ही आमची मनची बेरीज होती.

मॅडमना आश्चर्य वाटलं नाही. कोलिअसच्या पेशी रोझमॅरिनिक आम्ल कोरड्या वजनाच्या दहा टक्क्यांहून जास्त साठवतात आणि तिथे मुख्य कळ माध्यमातल्या साखरेची आहे, म्हणाल्या. मग आधी का नाही सांगितलं? "तुम्ही विचारलं नाही." यावर उत्तर नाही.

शिवाय त्यांनी शिकोनिनची आठवण करून दिली. लिथोस्पर्मम या वनस्पतीच्या मुळातलं ते लाल रंगद्रव्य, जे जपानमध्ये 1980 च्या दशकात टाक्यांमध्ये पेशी वाढवून व्यापारी प्रमाणात काढलं जाऊ लागलं आणि लिपस्टिकमध्ये गेलं. त्याला उजेड, त्यातही निळा, मुळीच चालत नाही. ते अंधारातच बनतं. आणि सदाफुलीत याच्या उलट: तिथल्या विंडोलिन या अल्कलॉइडच्या शेवटच्या पायऱ्यांना उजेडही लागतो आणि पानासारखी घडलेली ऊतीही, त्यामुळे नुसत्या पेशींना कितीही उजेड दाखवा, विंडोलिन पदरात पडत नाही. "उजेडाने औषधी घटक वाढतात" हे वाक्य आमच्या प्रस्तावनेत आहे. ते काढून कोणत्या वनस्पतीतला कोणता घटक, असं लिहायला हवं.

19 मे

आतापर्यंत दर ग्रॅमला किती, हे मोजलं होतं. दर बाटलीला किती, हे आज मोजलं. अंधारातला कॅलस मोठा असल्याने रोझमॅरिनिक आम्लाचं एकूण उत्पादन अंधारातच जास्त निघतं. अँथोसायनिन हवं असेल तर निळा. दोन्ही हवं असेल तर आधी अंधारात वाढवून शेवटी उजेड दाखवणं सुचतं.

21 मे

तेच लावलं. 21 दिवस अंधार, मग 7 दिवस निळा, 40 मायक्रोमोल. सोबत पूर्ण अंधार आणि पूर्ण निळा. शेवटच्या आठवड्यात जुनं माध्यम नको, म्हणून सगळ्याच गटांना एकविसाव्या दिवशी ताज्या माध्यमावर हलवायचं.

1 जून

माध्यमाची चाचणी पूर्ण झाली. निळ्याखाली दोन आठवडे पडून राहिलेल्या माध्यमावर कॅलस अंधारातही कमी वाढला. सहाही बाटल्यांत. फिनॉलिक संयुगांत ठळक फरक नाही, वजनात आहे. म्हणजे निळ्या शेल्फवरचा कॅलस लहान राहतो त्याचा काही दोष त्याच्या पायाखालच्या अगारकडे जातो. जोडीदाराला चहा माझ्याकडून.

11 जून

सगळ्या बाटल्या ताज्या माध्यमावर. दोन टप्प्यांच्या गटाची फॉइल काढून निळ्याखाली ठेवली.

14 जून

तीन दिवसांत रंग आला. पण फक्त माथ्यावर. चिमट्याने एक गोळा उलटा केला तर खालची बाजू लोण्यासारखी फिकट. पहिल्या फेरीतही असंच असणार, आम्ही आख्खा गोळा एकत्र कुटत होतो म्हणून कळलं नाही. उजेड कॅलसच्या वरच्या काही मिलिमीटरपुढे फारसा जात नाही. म्हणजे "निळ्यातला कॅलस" असं आम्ही ज्याला म्हणतो त्यातला बराचसा प्रत्यक्षात अंधारात बसलेला असतो, आणि गोळा जितका मोठा तितका जास्त.

18 जून

कापणी. या वेळी वरचा आणि खालचा थर ब्लेडने वेगळा केला. दोन टप्प्यांच्या गटाचं वजन अंधाराच्या जवळपास. वरच्या थरात अँथोसायनिन भरपूर, खालच्यात नावाला. रोझमॅरिनिक आम्ल दोन्ही थरांत तेवढंच.

मॅडम म्हणाल्या, "मग गोळाच कशाला?" बरोबर आहे. द्रव माध्यमात पेशी सुट्या करून फिरत्या फ्लास्कमध्ये ठेवल्या तर प्रत्येक पेशीला कधी ना कधी उजेड दिसेल.

20 जून

उरलेल्या भुसभुशीत कॅलसमधून सस्पेन्शन, म्हणजे द्रवात सुट्या पेशींची वाढ, लावलं. अगार वगळून तेच माध्यम, शेकर मिनिटाला 110 फेऱ्यांवर. दोन फ्लास्क फॉइलमध्ये, दोन निळ्याखाली. उजेड फ्लास्कच्या आत, द्रवाच्या पातळीला मोजलाय. पाचवा फ्लास्क नुसत्या माध्यमाचा, तोही निळ्याखाली.